न विचारलेले प्रश्न

बैलबाजारात जनावर घेण्यासाठी आलेला शेतकरी सर्वांत आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे त्याला तेवढ्यावरून कळते. मग तो खांद्यावरून हात फिरवतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून जनावराची चाल न्याहाळतो. जमल्यास गाडीला जुंपूनही पाहतो. हे सगळे होईपर्यंत विकणारा शांतपणे बाजूला उभा असतो. ‘माझ्या शब्दावर तुमचा विश्वास नाही का?’ असे तो विचारत नाही, कारण उद्या तोच दुसऱ्या कोणाच्या बैलाचे दात पाहणार असतो. पाहणे आणि विचारणे हा त्या बाजाराचा रिवाज आहे. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

जुनी मोटारगाडी घेताना मात्र हा रिवाज आपण विसरतो. गाडी दारात उभी असते, नुकतीच धुतलेली, चकचकीत. मालक सज्जन असतो. कोणा ओळखीच्या माणसाने त्याचे नाव सुचवलेले असते. त्याच्या दिवाणखान्यात बसून चहा घेतला जातो, मुलाबाळांची चौकशी होते आणि मग ‘गाडीचे कर्ज फिटले आहे का?’, ‘गाडीला कधी अपघात झाला होता का?’ असे विचारणे आपल्याला अवघड वाटू लागते. चहा पाजणाऱ्या माणसाला असे विचारायचे तरी कसे? असा प्रश्न म्हणजे जणू त्याच्या प्रामाणिकपणावर घेतलेली शंका, असे आपल्याला वाटते. माझ्या धाकट्या भावालाही तसेच वाटले. त्या संकोचातून जे निर्माण झाले, त्याची ही हकीकत आहे.

माझा भाऊ मध्य प्रदेशातील कुंडम येथे राहतो. कुंडम हे जबलपूर जिल्ह्यातील एका आदिवासीबहुल तहसिलीचे ठिकाण आहे. जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे पन्नास किलोमीटरवर ते लागते. आजूबाजूला डोंगर, जंगल आणि गोंड वस्त्या आहेत. नर्मदेला मिळणारी हिरन नदी याच परिसरात उगम पावते. आमचे वडील नोकरीच्या निमित्ताने जबलपूरला आले आणि तेथेच स्थायिक झाले. भावाने पुढे कुंडमला औषधांचे दुकान काढले. लग्नानंतर मी नागपूरला आले, आई मात्र भावाकडेच राहिली. तिचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे आणि हृदयविकारामुळे तिला दर महिन्याला तपासणीसाठी जबलपूरला न्यावे लागते. बसच्या पायऱ्या चढणे तिला जमेनासे झाले, तेव्हा भावाने गाडी घेण्याचे ठरवले. नवी गाडी त्याच्या आवाक्याबाहेर होती. मार्च २०२४मध्ये नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांची सात वर्षे वापरलेली पेट्रोलची गाडी त्याने तीन लाखांच्या आतबाहेर घेतली. गृहस्थ व्यापारी नव्हते. त्यांची स्वतःची, घरची गाडी होती. ‘गाडी हातातली आहे, चिंता नको. कागदांचे मागाहून पाहू,’ असे ते म्हणाले. भावाने पैसे दिले, नोंदणीपुस्तिका आणि विम्याचा कागद घेतला आणि सिवनी, लखनादौन मागे टाकत रात्रीपर्यंत तो घरी पोचला.

उन्हाळा निर्वेध गेला. आई दोनदा जबलपूरला जाऊन आली. पहिल्या वेळी तर ती म्हणाली, ‘पाय न दुखता शहर पाहिले, असे किती वर्षांनी झाले!’

जुलैमध्ये पावसाने जोर धरला आणि गाडीचे रूप पालटले. काचा मध्येच वर-खाली होईनाशा झाल्या. समोरच्या पट्टीवर एअरबॅगचा तांबडा दिवा लागून राहू लागला. काचा बंद केल्या की आत कुबट वास येई. एका संध्याकाळी तपासणीहून परत येताना, कुंडम पंधरा-सोळा किलोमीटर राहिले असता, भर पावसात गाडी बंद पडली ती पुन्हा सुरूच झाली नाही. आई मागच्या आसनावर होती. दिवे लागेनात, फोनला संपर्क मिळेना. सुमारे तासाभराने भाजीच्या रिकाम्या क्रेटी घेऊन परतणारा एक पिकअपवाला थांबला. त्याने आपल्याशेजारी आईला बसवले आणि सूनबाईंना मागे क्रेटींमध्ये जागा करून दिली. भाऊ गाडीपाशी थांबला. आई सुखरूप घरी पोचली, पण त्या रात्री तिला धाप लागली आणि घरातल्या कोणालाही झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. कुंडमच्या मिस्त्रीने आधी इंजिनाला हातच लावला नाही. त्याने सुरक्षापट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. नेहमी गुंडाळलेल्या राहणाऱ्या त्या भागावर मातकट रंगाची एक रेघ होती. मग त्याने पायाखालचे जाजम उचकटले. खाली वाळून पापडी झालेला बारीक गाळ होता आणि आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज चढला होता. तो म्हणाला, ‘‘भैया, यह गाड़ी नहा चुकी है.’’ गाडी कधीतरी पाण्यात उभी राहिली होती, हे त्याने एका वाक्यात सांगितले.

कोठे उभी राहिली असेल, हे मला ओळखता आले. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरले आणि रस्त्यांवर, वाहनतळांवर उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, तेल बदलून पुन्हा सुरू होते. परंतु जाजमाखालच्या तारांचे जोड आतून हळूहळू गंजत राहतात. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही; काही महिन्यांनी, पुढच्या पावसाळ्यात, तो एकदम समोर येतो.

दरम्यान दुसरी अडचण उभी राहिली होती, ती कागदांची. एका राज्यातील गाडी दुसऱ्या राज्यात कायमची न्यायची असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अठ्ठावीस क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. विक्रीची माहिती विकणाऱ्याने एकोणतीस क्रमांकाच्या नमुन्यात द्यायची असते आणि मालकी बदलण्याचा अर्ज तीस क्रमांकाच्या नमुन्यात असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५०प्रमाणे विकणाऱ्याने ही माहिती त्याच राज्यातील व्यवहारासाठी चौदा दिवसांत आणि दुसऱ्या राज्यातील व्यवहारासाठी पंचेचाळीस दिवसांत द्यावी आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात नोंदणीपुस्तिकेवर अजूनही एका बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदलेला होता. तो उतरवल्याशिवाय किंवा बँकेची लेखी संमती असल्याशिवाय मालकी बदलत नाही. शिवाय वाहतूक पोलिसांचे दोन दंडही भरायचे राहिले होते. विमा जुन्या मालकाच्या नावावर होता. गाडी विकली गेली की तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेपुरता विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर विमा रीतसर आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. नावच बदलत नव्हते, तेव्हा तो मार्गही बंद होता.

या धावपळीत मला एक गोष्ट राहून राहून आठवे. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आमच्या घरात त्या काळाच्या आठवणी अजून निघतात. पण आठवणींना सीमा नसली, तरी नोंदणीपुस्तिकेला असते.

ऑगस्टमध्ये मी त्या गृहस्थांना भेटायला गेले. भाऊ दूर होता आणि फोनवर प्रत्येक वेळी ‘पाहतो, करतो’ एवढेच उत्तर मिळत होते. त्यांनी माझे आदराने स्वागत केले. मी गाळाची, पट्ट्यावरच्या रेघेची हकीकत सांगितली. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्या भावाने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. खोटे तर मी काही बोललो नाही.’’

त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. आपण काही गैर केले असे त्यांना मनापासून वाटत नव्हते. घरी आल्यावरही ते वाक्य माझ्या मनातून जाईना. न बोलणे आणि खोटे बोलणे यांत खरोखर एवढे अंतर असते का? कायद्याची पुस्तके उघडून पाहिली, तेव्हा या प्रश्नाने पूर्वीच्या लोकांनाही सतावले होते, असे दिसले.

भारतीय करार अधिनियम १८७२चा आहे. मोटारगाडी तेव्हा आपल्या देशात आलेली नव्हती. म्हणून त्यातील कलम १७ खाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. पण त्याच कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन.’ विकणारा गप्प राहतो. आता मात्र त्याचे मौन बोलण्याइतकेच ठरते. घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. मध्ये घेणाऱ्याचे फक्त एक वाक्य आले आणि सारा अर्थ बदलला.

हे उदाहरण वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. आपण ज्याला संकोच म्हणतो, सौजन्य म्हणतो, त्याची किंमत किती मोठी असते, हे त्या दोन घोड्यांच्या उदाहरणांतून स्पष्ट होते. १९३०चा मालविक्रीचा कायदाही याच दिशेने जातो. वस्तू विकण्याचा हक्क विकणाऱ्याला आहे, हे तो गृहीत धरतो. पण वस्तू चांगली असेल याची हमी तो सहसा गृहीत धरत नाही. अशा मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वस्तू घेतली, तर गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२३पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. दोन घरांमध्ये परस्पर होणाऱ्या व्यवहारात असा मधला जबाबदार माणूस नसतो. तेथे घेणाऱ्याचे डोळे आणि त्याची जीभ, एवढीच साधने उरतात.

या प्रश्नाचा अर्थशास्त्रानेही विचार केला आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला. त्या देशात सदोष गाडीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. त्यावरून लेखाला नाव मिळाले. त्यांचे म्हणणे सोपे आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या गाडीचीही किंमत मधलीच देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो आपली गाडी बाजारातून काढून घेतो. मागे उरतात त्या वाईट गाड्या. अशा रीतीने, न सांगितलेल्या गोष्टींमुळे एका ग्राहकाचेच नव्हे, तर सगळ्या बाजाराचे आणि त्यातील प्रामाणिक माणसांचेही नुकसान होते. या आणि अशा कामाबद्दल अकरलॉफ यांना २००१मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. १९६७-६८ या काळात ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. त्यांच्या त्या लेखात भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे तिला काळजीपूर्वक वेचून काढावे लागतात, असे ते नोंदवतात. हे वाचताना मला आईची आठवण झाली. सुपात तांदूळ घेऊन ती निवडायला बसे, तेव्हा वाण्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर कोणाच्या दाताखाली खडा येऊ नये म्हणून निवडत असे.

सप्टेंबरमध्ये मी पुन्हा त्या गृहस्थांकडे गेले. या वेळी मी तक्रार केली नाही. मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८च्या एका निकालाविषयी सांगितले. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयातून आलेले ते प्रकरण होते. एका मोटारीची विक्री एकामागून एक अनेक हातांत झाली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. २००९मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि त्यात एक जीव गेला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले आहे की, कायद्याच्या दृष्टीने गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे तोच मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. मृताच्या कुटुंबाने मालकांची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही.

‘‘म्हणजे आज कुंडमला काही झाले, तर मी जबाबदार?’’ त्यांनी विचारले.

‘‘गाडी आजही तुमच्याच नावावर आहे,’’ मी म्हटले.

ते उठले आणि कपाटातून एक जुनी फाईल घेऊन आले. कर्ज २०२२मध्येच फिटले होते. बँकेचे पत्रही होते. फक्त पस्तीस क्रमांकाचा नमुना भरून बोजा उतरवण्याचे राहिले होते. आतापर्यंत आमच्यात जे बोलणे झाले होते ते आरोपाचे आणि बचावाचे होते. आता पहिल्यांदाच मी त्यांना सरळ प्रश्न विचारले. पाणी कुठवर चढले होते? किती वेळ गाडी पाण्यात होती? नंतर कोणते भाग बदलले? त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. पाणी आसनाच्या बैठकीपर्यंत आले होते, त्याच्या वर नाही. गाडी दुपारपर्यंत पाण्यात होती. इंजिन सुरू करण्याआधी त्यांनी ती कार्यशाळेत नेली होती. तारा कोणी तपासल्या नव्हत्या. मी हे सगळे त्यांच्यासमोरच कागदावर उतरवून घेतले.

त्या कागदाचा उपयोग मला वाटला होता त्याहून अधिक झाला. पाणी कुठवर होते हे कळल्यावर जबलपूरच्या वाहन-विजेच्या कारागिराला सगळी गाडी उघडावी लागली नाही. पुढच्या दोन आसनांच्या मधोमध खाली बसवलेली, एअरबॅगचे नियंत्रण करणारी पेटी आणि जाजमाखालच्या तारांचे जोड एवढेच त्याने बदलले. तो म्हणाला की, तांबडा दिवा लागत असताना अपघात झाला असता, तर एअरबॅग कदाचित उघडलीच नसती. आईला घेऊन गाडी त्या अवस्थेत कितीदा जबलपूरला गेली होती, याचा विचार आम्ही दोघांनीही बोलून दाखवला नाही. दुरुस्तीचा खर्च भावालाच सोसावा लागला. गृहस्थांनी त्यात वाटा दिला नाही आणि भावाने मागितलाही नाही. मात्र बँकेत आणि परिवहन कार्यालयात ते स्वतः तीन वेळा गेले. दंड भरले, बोजा उतरला, ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले. जबलपूरला मध्य प्रदेशचा कर भरून, दिवाळीनंतर गाडीवर एम.पी. २०ची पाटी लागली.

मला त्या गृहस्थांना दोषी ठरवून मोकळे व्हावेसे वाटत नाही. त्यांच्यासारखी माणसे आपल्या आसपास पुष्कळ असतात. ती खोटे बोलत नाहीत. फक्त विचारल्याशिवाय बोलत नाहीत. कधी कधी आपणही त्यांच्यातलेच असतो. घर भाड्याने देताना गळणाऱ्या छताविषयी, स्थळ पाहताना जुन्या आजाराविषयी, जमीन विकताना भावकीच्या वादाविषयी आपण किती सहज गप्प बसतो! समोरचा विचारत नाही, कारण विचारणे त्याला शिष्टाचाराला धरून वाटत नाही. आपण सांगत नाही, कारण त्याने विचारलेले नसते. दोन भल्या माणसांच्या अशा संकोचातून एक असत्य जन्माला येते आणि ते कोणीच उच्चारलेले नसते.

बैलबाजारातल्या शेतकऱ्याला हे फार पूर्वीच उमगले होते. तो दात पाहतो, तेव्हा विकणाऱ्याला खोटे ठरवत नाही. व्यवहार झाल्यावर दोघांचेही संबंध निर्मळ राहावेत, एवढाच त्याचा हेतू असतो. प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्याला खरे बोलण्याची संधी देणे होय. ज्याला लपवायचे काही नसते, त्याला त्या संधीचा रागही येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात भावाने आपली जुनी स्कूटर विकायला काढली. शेजारच्या गावातला एक तरुण घ्यायला आला होता. तो नुकताच नोकरीला लागला होता. त्याने स्कूटरभोवती एक फेरी मारली, हॅन्डलवरून हात फिरवला आणि किंमत विचारली. आणखी काहीच विचारले नाही. भावाने त्याला बसवून घेतले. मागचा ब्रेक उशिरा लागतो, बॅटरी तीन वर्षांची झाली आहे, दोन वर्षांपूर्वी पुढचे चाक वाकले होते ते सरळ करून घेतले आहे, असे एकेक सांगितले. तरुण गोंधळून पाहू लागला. कोणी आपला माल विकताना त्याचे दोष सांगते, हे त्याला नवे असावे. त्याने थोडी किंमत कमी करून मागितली आणि भावाने ती मान्य केली. पुढच्या सोमवारी दोघे मिळून जबलपूरच्या परिवहन कार्यालयात गेले आणि स्कूटर त्या तरुणाच्या नावावर करून परतले.